चाळणीतला कोंडा

“सबनीसबाई, फक्त दोन ओळी,” धायगुडे साहेब म्हणाले. “संगणक प्रणाली व्यवस्थित चालू आहे, एवढंच लिहा. खाली सही.”

मी अजून खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. पहाटे साडेपाचच्या एसटीने निघाले होते, घाटात गाडी दीड तास अडकली होती, आणि पिशवीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चौदा फ्लॉप्या होत्या. गुडघे बोलत होते. समोर चहा आला होता आणि चहाच्या बशीखाली तो कागद.

“कशासाठी हे?”

“बाहेर बाकावर एक गृहस्थ बसलेत ना, डोक्याला टॉवेल? ओंबासे. कासारखिंडीच्या धरणावर वायरलेस ऑपरेटर. एक जून ते अकरा जुलै, एक्केचाळीस दिवस, ह्या माणसाचा एक संदेश नाही. पुण्याला हंगामाचा गोषवारा पाठवायचा म्हणून छापून बघितलं, तर सगळे रकाने कोरे. मग बारा जुलैला दरवाजे उघडले, आणि तिथून पुढे रोज, अगदी वेळेवर. म्हणजे पाणी वाढलं तेव्हा महाराज जागे झाले. तोवर कुठे होते देव जाणे.”

“तो काय म्हणतो?”

“रोज बोललो म्हणतो. कार्बन कॉपीची वही घेऊन आलाय. वही काय, आदल्या रात्री बसून लिहिता येते.”

“आणि वायरलेसचं रजिस्टर?”

साहेब हसले. “आमचे लोक महिनाअखेरीला वरपासून खालपर्यंत एकदम टिका मारतात. तिथे दोन वर्षांमागे यादीतून काढलेल्या धरणालाही टिक आहे. कॉम्प्युटर तरी तसं करत नाही.”

हे नव्याण्णव सालच्या सप्टेंबरमधलं. मी पाटबंधारे खात्यात प्रोग्रामर होते, वय पंचावन्न. धरणांवरून रोज सकाळी आठ आणि दुपारी चारला संदेश यायचे: धरणाचं नाव, पाण्याची पातळी, पाऊस आणि शेवटी विसर्ग, म्हणजे किती पाणी सोडलं ते. ऑपरेटर आपल्या ढंगाने सांगायचा, टाइप करणारा आपल्या ढंगाने टाइप करायचा. त्या ओळीतला प्रत्येक आकडा ओळखून त्याच्या त्याच्या रकान्यात पोचवणारी एक लायब्ररी मी आठ वर्षं खपून लिहिली होती. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांनी हाताशी घेऊन वापरायचा तयार प्रोग्राम. तिला मी ‘चाळण’ नाव ठेवलं होतं. जी ओळ चाळणीला कळायची नाही ती बाजूला एका फाईलमध्ये पडायची. त्या फाईलचं नाव ‘कोंडा’.

चाळण लिहिणं सोपं होतं असं आता वाटतं. ती बसवणं हा खरा छळ. सात विभागीय कार्यालयं, धायगुडे साहेबांचं त्यातलंच एक, आणि प्रत्येकाने आपापल्या मर्जीने मशीन घेतलेलं. कुठे युनिक्स, कुठे डॉस, कुठे विंडोज, एका ठिकाणी तर कंपनीच बुडालेलं मशीन. एकाकडे चालणारी चाळण दुसऱ्याकडे जागची हलायची नाही. मग तिथल्या तिथे बदल करायचे, पुन्हा बांधायची, म्हणजे त्या मशीनला कळेल अशा भाषेत उतरवायची, पुन्हा चालवायची. त्या वर्षी मी बावीस वेळा पुण्याबाहेर गेले होते. घरी ह्यांचा उजवा हात आणि पाय अर्धांगाने गेलेला. मी गावाला गेले की नणंद येऊन बसायची आणि दर वेळी विचारायची, “वहिनी, अजून किती?”

महिनाअखेर पुण्यात समिती बसणार होती. चाळण सगळ्या राज्यात लावायची का, ते ठरणार होतं. लावायची ठरली, तर बसवायला दुसरी माणसं मिळणार होती.

मी सही केली. चहा गार व्हायच्या आत केली.

बाहेर आले तर तो माणूस बाकावरून उठून उभा राहिला. सत्तावन्नचा असेल. पायात रबरी चपला, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाड वही.

“बाईसाहेब, मशीन तुमचंच का?”

“मशीन सरकारचं. त्यातला प्रोग्राम माझा.”

“मग त्याला विचारा की एकदा. मी रोज बोललोय. ताप होता तेव्हाही घोंगडी घेऊन बोललोय.” त्याने वही पुढे केली. “बघा तरी.”

मी उभ्या उभ्या दोन पानं उलटली. निळ्या कार्बनची, एकसारखी अक्षरं. तारीख, वेळ, पातळी, पाऊस. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी NIL.

“विसर्ग शून्य होता तर शून्य का नाही सांगितलं?” मी सहज विचारलं.

त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच जरा तेज आलं. “शून्य नाही लिहायचं बाईसाहेब. ब्याहत्तर साली ट्रेनिंगला आम्हाला शिकवलंय. शून्याच्या पुढे कुणीही आकडा टाकतो, पाण्याचा हिशेब बदलतो. काही नसेल तर निरंक सांगायचं. वायरलेसवर निल. नवी पोरं झीरो झीरो करतात. मी नाही केलं.”

“बरं,” मी म्हणाले आणि वही परत दिली. खरं सांगायचं तर मला बसायचं होतं.

“आठ महिने राहिलेत रिटायर व्हायला,” तो म्हणाला. “आता चौकशी लागली तर ती संपेपर्यंत मी राहतोय का मागे, कुणास ठाऊक. सत्तावीस वर्षं धरण सोडलं नाही. आता गावात काय सांगायचं, झोपला होता म्हणून काढला?”

शिपाई आला आणि त्याला आत घेऊन गेला.

कॉम्प्युटरच्या खोलीत रझिया सय्यद होती. चौतीस धरणांचे संदेश टाइप करणारी ती एकटी. वरच्या मजल्यावर वायरलेसची खोली, तिथून चिठ्ठ्या खाली यायच्या, रझिया त्या डॉसच्या जुन्या पीसीवर टाइप करून फ्लॉपीत घालायची, आणि फ्लॉपी नेऊन युनिक्सच्या मोठ्या मशीनला द्यायची. त्या मोठ्या मशीनवर तिने जुन्या पडद्याचं कापड घातलं होतं आणि त्या मशीनला ती म्हातारी म्हणायची.

“या बाई. म्हातारीला सवत आणली बघा,” तिने कोपऱ्यातल्या नव्या विंडोजच्या मशीनकडे बोट दाखवलं. “कालच खोकं फोडलं. साहेब दोनदा येऊन हात लावून गेले.”

“बसवू या. साडेचारच्या गाडीने मला निघायचंय.”

“जेवणार तरी आहात का?”

“डबा आहे.”

साहेबांच्या खोलीतून आवाज येत होता. त्यांचाच, ओंबासेचा नाही. मग दार उघडलं आणि पुढचं स्पष्ट ऐकू आलं. “घरी जा. निलंबनाची ऑर्डर पोस्टाने येईल. आणि वही इथे ठेवून जा.” मग चपलांचा आवाज व्हरांड्यातून जिन्याकडे गेला.

रझियाने मान खाली घातली. “बाई, मला विचारलं साहेबांनी, ओंबासेची चिठ्ठी यायची का म्हणून. चौतीस धरणं, दिवसातून दोनदा. बोटं टाइप करतात, मी कुठे वाचते? आली असेल म्हटलं. असेल नको म्हणाले, हो की नाही सांग. मी गप्प बसले.”

विंडोजवर चाळण बसवायला मला दोन तास लागले. पहिल्या वेळी बांधली गेली नाही. एक फ्लॉपी वाचता येईना, तिची दुसरी प्रत डब्याच्या तळाशी होती. मग बांधली गेली, पण चालू केली की खिडकी उघडून मिटायची. रझिया शेजारी बसून भाकरी खात होती, अर्धी माझ्या हातात देत होती. दोनच्या सुमाराला चाळण चालली.

“खरे संदेश हवेत चालवून बघायला,” मी म्हणाले. “ह्या आठवड्याचे असतील का?”

“सगळे आहेत.” तिने खालच्या खणातून चपलांचं खोकं काढलं. आत फ्लॉप्या तारखेनुसार लावलेल्या. “पुसून परत वापरा असा हुकूम आहे. मी पुसत नाही. माझा पुसायला जीव होत नाही, दिवसभर टाइप केलेलं.”

तिने दिली ती पहिली फ्लॉपी जूनची होती. मी ती नव्या मशीनला दिली, चाळण चालवली आणि तक्ता पडद्यावर आला. चौतीस ओळी, तीस दिवस. मी वरवर नजर फिरवत होते. एकही रकाना कोरा नव्हता.

एकही नव्हता.

“हे नवं चुकतंय,” मी म्हणाले.

“काय झालं?”

“कासारखिंड भरलेलं दाखवतंय.”

रझियाच्या हातातला घास तसाच राहिला. मग ती हळूच म्हणाली, “बाई, नवंच चुकतंय कशावरून?”

मी उठून म्हातारीवरचं कापड काढलं. कोंडा उघडला. तो उघडायला पाच सेकंदही लागत नाहीत. ब्याऐंशी ओळी होत्या. एकूण एक कासारखिंडच्या. एक जून सकाळी आठ, एक जून दुपारी चार, दोन जून सकाळी आठ. अकरा जुलैपर्यंत. प्रत्येक ओळीच्या शेवटी NIL, आणि त्याला चिकटून एक खूण, जी टाइप करणाऱ्याला कधी दिसत नाही.

त्याची हकिगत एवढीच. ओळ संपली की डॉस तिथे न दिसणाऱ्या दोन खुणा ठेवतं, युनिक्स एकच ठेवतं. डॉसवर टाइप केलेली फाईल युनिक्सला दिली की जास्तीची खूण शेवटच्या शब्दाला चिकटून राहते. शेवटी आकडा असेल तर काही बिघडत नाही, चाळण आकडा तेवढा घ्यायची आणि पुढे जायची. शून्यसुद्धा चालायचं. पण शेवटी NIL असेल तर ते खुणेसकट तिला अनोळखी वाटायचं आणि ती पूर्ण ओळ टाकून द्यायची. पुण्याला मी चाचणी घेतली तेव्हा संदेश मी स्वतःच टाइप केले होते, युनिक्सवरच. आणि विंडोजला दोन खुणांची सवय होती.

तेहेतीस ऑपरेटर झीरो म्हणत होते. एकटा नियमाने निरंक म्हणत होता.

“साहेब कुठे आहेत?” मी विचारलं.

“कलेक्टर ऑफिसला मीटिंग. चारपर्यंत येतील म्हणाले.”

“ओंबासे?”

“साडेअकराच्या गाडीने गेला असेल. दुसरी गाडी नाही तिकडे.”

मी खुर्चीवर बसले. चाळणीत बदल करायला दहा मिनिटं पुरली. दोन ओळींचं काम. ते मी केलं. म्हातारीवर पुन्हा चालवून पाहिलं, ब्याऐंशीच्या ब्याऐंशी ओळी आपापल्या जागी जाऊन बसल्या. कोंडा रिकामा. रझिया माझ्याकडे बघत होती, मी पडद्याकडे.

चार वाजायला दहा कमी होते तेव्हा मी फ्लॉप्या डब्यात भरायला लागले. पुण्याला जाऊन नीट, सविस्तर पत्र लिहावं असं मी स्वतःला सांगितलं. घाईत लिहिलेलं बरं दिसत नाही. शिवाय समिती आठ दिवसांवर होती. ती होऊन गेली की लिहिलं तरी निलंबन मागे घेता येतंच. एक महिना इकडे काय नि तिकडे काय. हे सगळं मला तेव्हा अगदी समंजस वाटत होतं. मी दमले होते, आणि दमलेल्या माणसाला पुढे ढकललेली प्रत्येक गोष्ट समंजस वाटते.

डब्याचं झाकण बसेना. मी ते दाबत होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावर वायरलेस खरखरला. चारचे संदेश सुरू झाले होते. खिडक्या उघड्या होत्या. एकेक धरण बोलत होतं, नाव, आकडे, ओव्हर. मी ऐकत नव्हते.

“कासारखिंड,” आवाज आला. “कासारखिंड बोलतोय. पातळी सहाशे बारा दशांश चार. पाऊस तीन मिलिमीटर. दरवाजे आज सकाळी बंद केले. विसर्ग निल. पुन्हा सांगतो, विसर्ग निल. ओव्हर.”

रझिया उठून खिडकीशी गेली. “सस्पेंड केलेला माणूस बोलतोय,” ती म्हणाली.

वरून कुणीतरी विचारलं, “ओंबासे, तुम्हाला घरी जायला सांगितलं ना?”

“बदली माणूस आला नाही. चार तर वाजले. घ्या लिहून.”

मी पिशवी खाली ठेवली. रझियाला म्हणाले, “कोरा कागद दे. आणि कार्बन.”

साहेब सव्वाचारला आले. मी त्यांना दोन्ही मशीनवरचे तक्ते दाखवले, जुनी चाळण पुन्हा घालून ओळी कशा पडतात तेही दाखवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. टेबलावर कोपरं टेकून त्यांनी दोन्ही तक्ते तारखेनुसार ताडून पाहिले.

“बाई, ऑर्डरला जावक नंबर पडलाय,” ते शेवटी म्हणाले. “तुमचं सर्टिफिकेट सोबत जोडलंय.”

“मग माझ्या ह्या कागदालाही नंबर पाडा.”

त्यांनी पत्र वाचलं. “चूक सर्वस्वी माझी, असं लिहिलंय तुम्ही.”

“आहेच.”

“समितीत हेच वाचून दाखवतील. सातही कार्यालयांचे आकडे तपासायला लावतील. आठ वर्षांचं काम आहे तुमचं. जरा सौम्य लिहा. तांत्रिक कारणास्तव वगैरे.”

“तांत्रिक कारणाला सही कोण करणार?”

त्यांनी शिपायाला हाक मारून जावकचं रजिस्टर मागवलं. माझी साडेचारची गाडी गेली, साडेसहाची मिळाली. खिडकीशी जागा नव्हती.

साहेब म्हणाले तसंच झालं. समितीने चाळण बाजूला ठेवली आणि पुढच्या वर्षी खात्याने बाहेरचं तयार सॉफ्टवेअर घेतलं. मी मात्र त्या पत्रानंतरच्या महिनाभरात उरलेली सहाही कार्यालयं फिरले, प्रत्येक ठिकाणचा कोंडा उघडला. चार ठिकाणी डॉसवर टाइप करून युनिक्सला देण्याची हीच रीत होती. त्या चार ठिकाणी मिळून पाच माणसं सापडली. सगळी पन्नाशीच्या पुढची, सगळी निरंक लिहिणारी. त्यांच्याकडे अजून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, एवढंच.

पुढच्या मे महिन्याच्या शेवटी ओंबासे घरी आले. पत्ता रझियाकडून घेतला होता. नवे कपडे, टोपी, खांद्यावर पोतडी. निवृत्त होऊन महिना झाला होता. ह्यांच्या खाटेपाशी बसून त्यांनी त्यांना धरणाची मोठी रसाळ हकिगत सांगितली. हे कितीतरी दिवसांनी हसले. निघताना पोतडीतून पाच किलो तांदूळ काढले.

“घरचा आहे बाईसाहेब. आंबेमोहोर. नाही म्हणू नका. साहेब मला म्हणाले, बाईंनी आपल्या अंगावर घेतलं म्हणून तू वाचलास. असं कोण करतं? मशीनची चूक होती, तुम्ही स्वतःची म्हणून लिहून दिली.”

“मशीनची नव्हती हो,” मी म्हणाले.

“तुमचा मोठेपणा,” ते म्हणाले आणि वाकले. मी त्यांना वाकू दिलं.

मी पत्रात सगळं लिहिलं होतं. दोन खुणा, NIL, पुण्याची अपुरी चाचणी, सही न तपासता केली हेसुद्धा. एक गोष्ट लिहिली नव्हती. नऊ जूनला त्या कार्यालयात मी प्रिंटरच्या दुरुस्तीसाठी गेले होते. निघण्याआधी सवयीने फाईलींची यादी पाहिली होती. कोंड्यापुढे अक्षरांचा आकडा सातशेच्या आसपास होता, म्हणजे सोळा-सतरा ओळी. मेअखेरीला तिथे चाळण बसवली तेव्हा शून्य होतं. मला तो आकडा दिसला होता. उघडून बघावं असं मनातही आलं होतं. गाडीला वीस मिनिटं होती. कोंड्यात थोडंफार असायचंच, असं म्हणून मी मशीन बंद केलं आणि स्टँडवर जाऊन ती वीस मिनिटं बाकावर बसून राहिले.

हे मी त्या दिवशी दारात उभं राहून ओंबासेंना सांगू शकले असते. ते जिना उतरेपर्यंत मी कठडा धरून उभी होते.

संध्याकाळी नणंदेने तांदूळ ताटात घेतले. चाळून, पाखडून आणलेले होते, तरी ती निवडत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “वहिनी, ह्यात तर काहीच निघत नाही.”

“असू दे,” मी म्हणाले. “तरी एकदा नीट बघ.”